पाचट : जाळायचे की कुजवायचे?

जानेवारी ते मार्च या महिन्यांत संध्याकाळच्या वेळी बारामतीहून इंदापूरला एसटीने जावे. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुठे ना कुठे धूर दिसतोच. ऊस तोडून कारखान्याला गेलेला असतो आणि मागे राहिलेले पाचट पेटवून दिलेले असते. वारा असेल तर अर्ध्या तासात एकराचे रान काळे होते. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, मात्र कोणी जाळत नाही. ती जनावरांना जातात, विकलीही जातात. वाळलेल्या पानांना, म्हणजे पाचटाला, जनावरे तोंड लावत नाहीत, म्हणून त्याला किंमत नाही.

ही आग शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे लागते, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. शाळेच्या भिंतीवर 'पाचट जाळू नका' अशी पाटी रंगवणेही सोपे आहे. पण वर्गातल्या मुलाचे वडीलच पाचट जाळत असतील, तर त्या पाटीने मुलाला काय सांगितले? त्यांची कारणे खरी असतात. पाचट रानभर पसरलेले असले तर सरीतून पाणी पुढे सरकत नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असते आणि ती चुकली तर पुढची पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागते. पाचटाखाली बुडखे झाकले गेले तर खोडव्याचे फुटवे वर येत नाहीत. पाचटात उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात. पाचट हाताने सरीत ओढायचे तर मजूर लागतात आणि तोडणीच्या हंगामात मजूर महाग असतात. काडेपेटीतली एक काडी हे सगळे प्रश्न फुकटात सोडवते. शिवाय एक कारण असे आहे, की ज्याकडे विज्ञानाच्या शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. शेतकरी म्हणतो, "मागच्या वर्षी पाचट ठेवून पाहिले, तर खोडवा पिवळा पडला."

हे निरीक्षण अचूक आहे. सेंद्रिय पदार्थ जमिनीत घातला आणि पीक पिवळे पडले, असे खरोखरच होते. ते का होते हे कळले, की पाचटाचे काय करायचे हेही बरेचसे कळते.

आधी थोडा हिशेब करू. चांगल्या बागायती रानात एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. आपण ४ टन, म्हणजे ४,००० किलो धरू. पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे एकराच्या पाचटात २० किलो नत्र झाले. पालाश ३० ते ४० किलो असते, स्फुरद त्याहून बरेच कमी. पाचट जाळले की नत्राचा बहुतेक भाग आणि गंधकाचाही बराचसा भाग वायुरूपाने निघून जातो. पालाश आणि स्फुरद राखेत राहतात, पण ती राख उन्हाळ्याच्या वाऱ्याने कुठे जाते ते सांगता येत नाही.

पण २० किलो नत्र म्हणजे किती युरिया? युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून सुमारे ४३ किलो. एक गोणीसुद्धा पूर्ण नाही! पाचट जाळण्याचा तोटा खताच्या गोण्यांत मोजून दाखवणारी पत्रके इथेच फसतात. शेतकरी मनात हिशेब करतो, की पाचट ओढायला मजुरी किती आणि एका गोणीची किंमत किती, आणि काडी ओढतो. त्या हिशेबाने तो चुकतही नाही. खरा तोटा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ४,००० किलो पाचटात ४० टक्के, म्हणजे १,६०० किलो कर्ब असतो. तो जवळजवळ सगळा धुरातून जातो आणि तो कोणत्याही दुकानात गोणीत मिळत नाही.

आता पिवळ्या खोडव्याकडे वळू.

पाचट आपोआप 'कुजत' नाही. जमिनीतले जिवाणू आणि बुरशी ते खातात. त्यांनाही आपल्यासारखेच दोन गोष्टींसाठी अन्न लागते, एक ऊर्जा मिळवण्यासाठी आणि दुसरे शरीर बांधण्यासाठी. त्यांच्या शरीरात दर ८ भाग कर्बामागे साधारण १ भाग नत्र असते. पण खाल्लेला सगळाच कर्ब काही अंगी लागत नाही. ढोबळमानाने दोन-तृतीयांश श्वसनात खर्च होऊन कर्बवायूच्या रूपाने बाहेर पडतो आणि एक-तृतीयांशच शरीरात राहतो. म्हणजे ८ भाग कर्ब अंगी लागायचा तर २४ भाग खावा लागतो आणि त्याच्या जोडीला १ भाग नत्र हवे. थोडक्यात, ज्या पदार्थात कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर २४ ला १ च्या आसपास आहे, तो सूक्ष्मजीवांचे 'पूर्ण जेवण' होतो.

पाचटाचे गुणोत्तर किती? १,६०० किलो कर्बाला २० किलो नत्र, म्हणजे ८० ला १. हे म्हणजे ताटात नुसती भाकरीच भाकरी, कालवण नाहीच. सूक्ष्मजीव तरी काय करणार? पाचटात नसलेले नत्र ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात. तेच नत्र खोडव्याच्या मुळ्यांनाही हवे असते. या ओढाताणीत सूक्ष्मजीव जिंकतात, कारण ते संख्येने अफाट असतात आणि मातीच्या कणाकणाला चिकटून बसलेले असतात. नत्र कमी पडले की उसाची खालची पाने आधी पिवळी पडतात. शेतकऱ्याने पाहिले ते हेच.

मात्र हे नत्र कुठे नाहीसे झालेले नसते. ती उसनवारी असते. काही आठवड्यांनी, महिन्यांनी पाचटातला सहज पचणारा भाग संपतो, सूक्ष्मजीवांची उपासमार होते, ते मरतात, आणि त्यांच्या शरीरातले नत्र पुन्हा मातीत मोकळे होते. पुढे पिकाला ते मिळते. अडचण एवढीच, की खोडव्याला नत्राची निकड फुटवे येण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत असते आणि नेमकी त्याच दिवसांत ही उसनवारी चालू असते.

गुणोत्तराचा हा विचार एकदा समजला, की गावातल्या प्रत्येक काडीकचऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. चांगले कुजलेले शेणखत २० ला १ च्या जवळपास असते, म्हणून ते घातल्यावर पीक पिवळे पडत नाही. फुलोऱ्यापूर्वी गाडलेला ताग किंवा धैंचा याच पंक्तीत बसतो. म्हणूनच ताग कोवळा असताना गाडावा असे म्हणतात. जून झाला की त्यातले तंतू वाढतात, गुणोत्तर बिघडते. गव्हाचे काड आणि ज्वारीची धसकटे पाचटाच्या जातीची. लाकडाचा भुसा तर कित्येकशे ला १ असतो. तो मातीत मिसळला तर त्या जागी बराच काळ काही धड उगवत नाही.

मग उपाय उघड आहे. सूक्ष्मजीवांना लागणारे नत्र आपणच द्यावे, म्हणजे ते उसाच्या ताटात हात घालणार नाहीत. कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे, की खोडव्याच्या पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकावे. एकराला हे प्रमाण ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो असे पडते.

इथे चिकित्सक विद्यार्थी हात वर करील, आणि त्याने तो करावाच. १,६०० भागिले २४ केले तर सुमारे ६६ किलो नत्र लागते. पाचटात २० आहे. म्हणजे तूट ४६ किलोची. आणि ३२ किलो युरियातून तर जेमतेम १५ किलो नत्र मिळते! मग ते पुरते कसे? याचे उत्तर असे, की सगळे पाचट एकदम खाल्ले जात नाही. त्यातल्या साखरी आणि सेल्युलोज आधी जातात. लिग्निन हा काष्ठासारखा चिवट भाग फार हळू जातो आणि तो बुरशीच्या वाट्याला येतो. बुरशीच्या शरीरात जिवाणूंपेक्षा नत्र कमी असते, म्हणून तिचे थोडक्यात भागते. शिवाय सूक्ष्मजीवांची एक पिढी मेली की तिचे नत्र पुढची पिढी वापरते. तेच नत्र अनेकदा फिरते. आपल्याला फक्त सुरुवातीची चणचण भागवायची असते. ४६ किलोची तूट भरून काढण्यासाठी कोणी १०० किलो युरिया ओतला, तर त्यातला बराचसा हवेत आणि पाण्यात जाईल.

जिवाणू संवर्धनाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्याच्या पुड्या आणि बाटल्या चमत्कार म्हणून विकल्या जातात. संवर्धन म्हणजे विरजण. दूधच नसेल तर विरजण काय करील? पाचटात ओल नसेल, ते मातीला टेकलेले नसेल, नत्र नसेल, तर कितीही चांगले संवर्धन वाळून जाते. उलट ओल, माती आणि नत्र यांची सोय केली आणि संवर्धन मिळाले नाही म्हणून ताज्या शेणाचा काला शिंपडला, तरी काम पुढे सरकते, फक्त थोडे हळू.

प्रत्यक्ष रानात करायचे ते असे. ऊस जमिनीलगत तोडून घ्यायचा, राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीबरोबर छाटायचे. बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून सरीत ओढायचे, म्हणजे फुटव्यांना उजेड मिळतो. त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि संवर्धन टाकायचे, मग पाणी सोडायचे. पाणी सोडल्यावर पाचट थोडे बसते. ते पायाने तुडवले तर मातीला चांगले भिडते. पाणी पुढे सरकत नाही ही तक्रार असेल तर एका आड एक सरीत पाचट भरायचे आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यायचे. अशा रानात तीन-साडेतीन महिन्यांत पाचट बोटांनी चुरगाळता येईल इतके मऊ होते. तोपर्यंत ते आच्छादनाचे काम करते. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तणही कमी उगवते. उन्हाळ्यात कालव्याची पाळी लांबली, तर याच ओलीवर खोडवा तग धरतो. खुद्द खोडव्याची खते पाचटावर फेकायची नाहीत. पहारीने बुडख्याच्या बाजूला १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात ती घालायची आणि भोक मातीने बुजवायचे. म्हणजे ती मुळ्यांजवळ पडतात आणि पाचटातल्या सूक्ष्मजीवांच्या हाती लागत नाहीत. सारा खटाटोप शेवटी एकाच गोष्टीसाठी आहे, सूक्ष्मजीवांचे ताट वेगळे आणि उसाचे ताट वेगळे ठेवण्यासाठी.

बारामतीजवळ माळेगावला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. दुष्काळ, क्षार, उष्णता अशा गोष्टींचा पिकांवर जो ताण पडतो त्याचा अभ्यास ही संस्था करते. तिथे 'सॉर्फ' नावाचे ट्रॅक्टरचे अवजार तयार झाले आहे. ते बुडखे छाटते, वरंब्याच्या बगला फोडते, जुन्या मुळ्या कापते आणि पाचट असतानाच खत जमिनीत पेरते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची पहार आणि माळेगावचे हे अवजार यांमागचा विचार एकच आहे. पहारीला मजूर लागतात, अवजाराला ट्रॅक्टर. दीड-दोन एकराच्या शेतकऱ्याला अवजार भाड्याने मिळाले तरच त्याचा उपयोग, आणि ते तोडणीनंतरच्या आठवड्यातच मिळायला हवे.

आता मूळ प्रश्न असा, की एवढे करून जमिनीत किती कर्ब शिल्लक राहतो? इथे खोटी आशा दाखवू नये. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ढोबळमानाने ८ लाख किलो माती असते. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आला असे धरू. आपल्याकडे ०.४ च्या खाली 'कमी' आणि ०.४ ते ०.६ 'मध्यम' मानतात. ८ लाखांचा अर्धा टक्का म्हणजे ४,००० किलो कर्ब. तो ०.६ टक्के करायचा तर ८०० किलोची भर हवी. पाचटातून १,६०० किलो कर्ब घातला, त्यातला बहुतेक श्वसनात जाणार. समजा, एक-अष्टमांश, म्हणजे २०० किलो, टिकाऊ ह्यूमसच्या रूपात उरला. पण जमिनीत आधीपासून असलेला कर्बही झिजत असतोच. तो वर्षाला अडीच टक्के झिजतो असे धरले तर ४,००० किलोतले १०० किलो गेले. निव्वळ शिल्लक १०० किलो. म्हणजे ०.५ चे ०.६ व्हायला आठ वर्षे! मुळ्यांमधूनही काही कर्ब मिळतो, नांगरट कमी केली तर झीजही कमी होते, त्यामुळे प्रत्यक्षात काही वर्षे वाचतील. तरी एका हंगामात 'जमीन सुधारली' असे कोणी सांगत असेल तर त्याला हे गणित मांडून दाखवायला सांगावे. उलट बाजूनेही पाहा. पाचट दरवर्षी जाळले आणि शेणखतही नाही, तर तेच १०० किलो दरवर्षी वजा होत राहतात.

हे आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत. हिवाळी प्रदेशात झीज कमी, आपल्या उन्हात जास्त. पण वर्गात फळ्यावर हे जमाखर्चाचे खाते मांडून आकडे बदलून पाहिले, तर मुलांना चक्रवाढ व्याजाइतकीच मजा येईल.

नीरेच्या काठी या खात्याला आणखी एक पदर आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचा प्रदेश. त्याला भाटघरच्या धरणाचे पाणी मिळाले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पण काळ्या, खोल, निचरा नसलेल्या जमिनीला बारमाही पाणी मिळाले की जमिनीखालची पातळी वर येते. पाणी बाष्प होऊन उडते, क्षार वर राहतात. कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. (मॅन यांचे नाव समाजशास्त्राच्या शिक्षकांना वेगळ्या कारणाने माहीत असेल. दख्खनमधल्या एका खेड्याची घरोघर पाहणी करणारे तेच.) म्हणजे ज्याला आपण आजचा प्रश्न समजतो, त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली आहेत.

क्षारांपैकी सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला, की जमीन चोपण होते. ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. कॅल्शियम मातीचे बारीक कण एकत्र बांधतो, सोडियम ते सुटे करतो. सुट्या कणांनी मातीतली छिद्रे बुजतात, मग पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, मुळ्या गुदमरतात. सोडियम हटवायला कॅल्शियम हवा. गंमत अशी, की या काळ्या जमिनींत चुनखडी भरपूर असते, म्हणजे कॅल्शियम आहेच! पण चुनखडी पाण्यात विरघळत नाही, तो कुलपात आहे. कुजणारे पाचट इथे किल्लीचे काम करते. सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून निघणारा कर्बवायू मातीतल्या पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल होते. या सौम्य आम्लात चुनखडी थोडी थोडी विरघळते, कॅल्शियम सुटा होतो आणि मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतो. मघाच्या हिशेबात जो कर्ब 'श्वसनात वाया गेला' असे वाटले, तो असा कामी येतो. मात्र सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला वाट हवी. निचऱ्याचे चर नसतील तर तो तिथेच घुटमळतो आणि पाणी उडाले की पुन्हा वर येतो. म्हणून फार चोपण झालेल्या रानात नुसत्या पाचटावर विसंबून चालत नाही. आधी चर, मग जिप्सम आणि जोडीला पाचट किंवा धैंचा, असाच क्रम ठेवावा लागतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घेता येते. चोपण आहे की नुसती खारवट, हे तपासल्याशिवाय जिप्समच्या गोण्या आणू नयेत.

शेतातला कचरा परत शेतात घालण्याची शास्त्रीय पद्धत बसवण्याचे काम आपल्या शेजारीच, इंदूरला झाले. अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची 'इंदूर पद्धत' बसवली. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले. पण १९३१ साली या कामावर निघालेल्या पुस्तकावर दोन लेखकांची नावे आहेत, आणि दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे. सेंद्रिय शेतीबद्दल बोलणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असते?

बारामतीच्या जिराईत भागात, सुपे-मोरगावच्या बाजूला, पाचटाचा प्रश्नच नाही. तिथे अडचण उलटी आहे, कुजवायला पुरेसे काही उरतच नाही. कडबा जनावरांच्या पोटात जातो, तुराट्या चुलीत जातात, शेणाच्या गोवऱ्या होतात. अशा ठिकाणी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत सांगितली जाते. नाडेप हे नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेली टाकी. त्यात सुमारे दीड टन काडीकचरा, १०० किलो शेण, पावणेदोन टन चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. तीन-चार महिन्यांत साधारण तीन टन खत मिळते. शेण इतके थोडे लागते, ही या पद्धतीची खरी खुबी. पण त्या तीन टनांतली निम्म्याहून अधिक आपणच घातलेली माती असते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. आणि दोन हजार लिटर पाणी! टँकरच्या गावात ते एप्रिलमध्ये कोण देणार? टाकी पावसाळ्याच्या अखेरीस, तण आणि पाला मुबलक असताना भरली तरच तिथे निभाव लागतो.

वर्गात करून पाहण्याजोगे दोन प्रयोग इथे देतो. पहिला उसनवारीचा. चार कुंड्या घ्या, प्रत्येकीत २ किलो माती. पहिलीत नुसती माती. दुसरीत २० ग्रॅम पाचट कात्रीने अगदी बारीक कापून मिसळा. तिसरीत २० ग्रॅम पाचट आणि पाण्यात विरघळवलेला अर्धा ग्रॅम युरिया. चौथीत पाचट नाही, फक्त अर्धा ग्रॅम युरिया. ही चौथी कुंडी कशाला, हे मुलांनाच विचारा. आठवडाभर ओल राखा आणि मग प्रत्येकीत ज्वारीचे किंवा मक्याचे सहा-सहा दाणे पेरा. मेथी किंवा हरभरा घेऊ नका. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र बांधले जाते, त्यामुळे चणचण लपून जाईल. तीन-चार आठवड्यांनी उंची मोजा, खालच्या पानांचा रंग पाहा. रोपे उपटून वाळवून वजन करता आले तर उत्तमच.

दुसरा प्रयोग मातीच्या बांधणीचा. जुन्या गवताळ बांधावरचे एक आणि वर्षानुवर्षे उसाखाली असलेल्या रानातले एक, अशी सुपारीएवढी वाळलेली दोन ढेकळे घ्या. चहाच्या गाळणीत ठेवून पाण्याने भरलेल्या दोन ग्लासांत अलगद बुडवा. ज्या ढेकळात सेंद्रिय पदार्थ जास्त ते आपला आकार बराच वेळ धरून ठेवते, दुसरे पाहता पाहता कोसळते. रानातली माती चोपण असेल तर ग्लासातले पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते, कारण सोडियममुळे सुटे झालेले कण खाली बसत नाहीत. त्यात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळा आणि थांबा. कॅल्शियम काय करतो ते डोळ्यांनी दिसते.

याबरोबर गावाची पाहणी करता आली तर अधिक चांगले. यंदा कोणत्या रानात पाचट जाळले, कोणत्या रानात ठेवले, हे मुलांना घराघरांतून विचारून आणता येईल. अलीकडे पाचटाला गिऱ्हाईकही येऊ लागले आहे. यंत्राने गठ्ठे बांधून ते बॉयलरसाठी किंवा कांडी-कोळशासाठी नेले जाते. ते कोणी विकले का, टनाला काय मिळाले, हेही लिहून घ्यावे. एकरी ३०-४० किलो पालाश आणि १,६०० किलो कर्ब त्या गठ्ठ्यांबरोबर शिवाराबाहेर जातो. तो मिळालेल्या पैशांत धरला होता का, हा प्रश्न मुलांनी जरूर विचारावा. पाहणीच्या कागदावर आणखी दोन रकाने असू द्यावेत. तोडणीनंतर पाण्याची पाळी किती दिवसांनी आली, आणि रान मालक स्वतः कसतो की ते वर्षाच्या खंडाने दिले आहे. आठ वर्षांनी मिळणाऱ्या ०.१ टक्क्यासाठी एका वर्षाचा खंडकरी मजुरी का घालील?